समजून घ्या : गेम नवा घ्यावा, जुना घ्यावा की भाड्याने खेळावा? पाच हजारांच्या डिस्कचा खरा हिशेब

‘गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक’ हा गेम ९ नोव्हेंबर २०२२ रोजी बाजारात आला. भारतात त्याच्या प्लेस्टेशन ५ आवृत्तीची किंमत होती ४,९९९ रुपये. पुण्यात कॉट बेसिसवर राहणाऱ्या विद्यार्थ्यासाठी ही रक्कम म्हणजे महिन्याभराची मेस. ज्यांना राहवले नाही त्यांनी पहिल्याच दिवशी पाच हजार मोजले. काहींनी थोडे थांबून वापरलेली डिस्क घेतली. आणि जे थांबूनच राहिले, त्यांना हाच गेम जानेवारी २०२५ मध्ये प्लेस्टेशन प्लसच्या मासिक वर्गणीत इतर शेकडो गेमसोबत खेळायला मिळाला.

गेम एकच, गोष्ट तीच, शेवटही तोच. मात्र तिघांनी मोजलेली रक्कम वेगळी आणि शेवटी हातात उरलेली वस्तूही वेगळी. एकाकडे नवी डिस्क राहिली, दुसऱ्याकडे पुन्हा विकता येईल अशी जुनी डिस्क आणि तिसऱ्याकडे वर्गणी संपल्यावर काहीच नाही. मग यातला शहाणा कोण? उत्तर वाटते तितके सरळ नाही. कारण गेमची खरी किंमत डब्यावरच्या स्टिकरवर नसते. तुम्ही तो किती दिवसांत संपवता आणि संपल्यावर त्याचे काय करता, यावर ती ठरते. हा हिशेब कसा मांडायचा, ते समजून घेऊ.

पर्याय नेमके कोणते?

सर्वसाधारणपणे ‘नवा, जुना की भाड्याने’ असे तीन पर्याय सांगितले जातात. आजच्या भारतीय बाजारात मात्र ते पाच आहेत.

• नवी डिस्क : दुकानातून किंवा ऑनलाइन घेतलेली सीलबंद डिस्क.
• जुनी डिस्क : दुसऱ्याने खेळून विकलेली. ती मुंबईत लॅमिंग्टन रोडसारख्या भागातल्या गेमच्या दुकानांत, जुन्या वस्तूंच्या अ‍ॅपवर किंवा मित्रांच्या ग्रुपवर मिळते.
• डिजिटल खरेदी : कन्सोलच्या किंवा पीसीच्या ऑनलाइन स्टोअरवर पैसे भरून डाउनलोड केलेला गेम.
• सबस्क्रिप्शन : महिन्याची वर्गणी भरून गेमच्या संग्रहातला कोणताही गेम खेळणे. आजच्या काळातले ‘भाडे’ ते हेच.
• तासावर खेळणे : गेमिंग कॅफेत बसून तासाचे पैसे देणे.

यातला पहिला आणि दुसरा पर्याय तुमच्यासाठी खुला आहे की नाही, हे गेम घेताना ठरत नाही. ते त्याच्या बरेच आधी ठरलेले असते.

कन्सोल घेतानाच निम्मा निर्णय कसा होतो?

प्लेस्टेशन ५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी आला. डिस्क ड्राइव्ह असलेले मॉडेल ४९,९९० रुपयांना आणि ड्राइव्ह नसलेले डिजिटल मॉडेल ३९,९९० रुपयांना. एप्रिल २०२४ मध्ये सडपातळ ‘स्लिम’ मॉडेल आले तेव्हा या किमती अनुक्रमे ५४,९९० आणि ४४,९९० रुपये झाल्या. दोन्ही वेळा फरक १० हजारांचाच राहिला.

दुकानात उभे असताना हे १० हजार वाचवण्याचा मोह होतो. घरच्यांची समजूत काढून कन्सोल घेणाऱ्याला तर तो हमखास होतो. पण ड्राइव्ह नसेल तर जुनी डिस्क घेता येत नाही, मित्राची डिस्क उसनी आणता येत नाही आणि स्वतःचा गेम विकताही येत नाही. कंपनीच्या ऑनलाइन स्टोअरवर जो दर असेल तोच द्यायचा किंवा सेलची वाट पाहायची. समजा प्रत्येक डिस्क खेळून झाल्यावर विकली आणि दर वेळी अडीच हजार रुपये परत आले, तर चार डिस्कमध्येच हा १० हजारांचा फरक भरून निघतो. स्लिम मॉडेलला ड्राइव्ह नंतरही जोडता येतो, पण तो वेगळा विकत घ्यावा लागतो.

एक्सबॉक्सच्या बाबतीतही तेच. भारतात नोव्हेंबर २०२० मध्ये ३४,९९० रुपयांना आलेल्या सीरिज एसमध्ये डिस्क ड्राइव्हच नाही. तो घेणारा बहुतेक वेळा गेम पासच्या वर्गणीकडे जातो आणि कंपनीचा हिशेबही तोच असतो. पीसीवर तर जुन्या गेमचा प्रश्नच उरलेला नाही, कारण तिथे गेम कायमचा तुमच्या अकाउंटला जोडला जातो. निन्टेन्डो स्विचची गोष्ट वेगळी आहे. त्याचे गेम छोट्या कार्ट्रिजवर येतात आणि ते सहज हातोहात फिरतात. मात्र भारतात या कन्सोलचे अधिकृत वितरण नसल्याने नवे गेमही बहुतांश आयात केलेलेच मिळतात.

म्हणून पहिला सल्ला गेमचा नाही, कन्सोलचा आहे. ‘मी गेम संपवून विकणारा आहे का?’ हा प्रश्न कन्सोल घेण्यापूर्वी स्वतःला विचारा.

नवी डिस्क कुणी घ्यावी?

पहिल्या दिवशी पूर्ण किंमत मोजण्याची दोन रास्त कारणे आहेत. एक, सगळे मित्र तोच गेम ऑनलाइन खेळणार असतील तर सहा महिन्यांनी एकट्याने घेऊन उपयोग नाही. दोन, कथा महत्त्वाची असलेल्या गेमचा शेवट समाजमाध्यमांवर दोन दिवसांत फुटतो.

गंमत अशी, की झपाट्याने खेळणाऱ्यासाठी नवी डिस्क कधी कधी स्वस्तही पडते. गेम नवा असतानाच जुन्या डिस्कला मागणी सर्वाधिक असते. तीन आठवड्यांत संपवून लगेच विकणाऱ्याला किमतीचा मोठा हिस्सा परत मिळतो. तोच गेम आठ महिने कपाटात ठेवला तर मिळणारी किंमत निम्म्याखाली येऊ शकते.

थांबण्याचेही फायदे आहेत. ‘सायबरपंक २०७७’ हा बहुचर्चित गेम १० डिसेंबर २०२० रोजी आला, तेव्हा जुन्या कन्सोलवर तो इतका अडखळत होता की आठवडाभरातच सोनीने तो आपल्या ऑनलाइन स्टोअरवरून काढून टाकला. तो परत आला जून २०२१ मध्ये. पुढे अनेक अपडेटनंतर तो नावाजला गेला. म्हणजे पहिल्या दिवशी घेणाऱ्याने सर्वाधिक पैसे देऊन सर्वात कच्चा गेम खेळला आणि दोन वर्षांनी घेणाऱ्याने कमी पैशांत पक्का.

जुनी डिस्क घेताना काय तपासावे?

पुण्यात इंजिनीअरिंग केलेल्या प्रत्येकाला अप्पा बळवंत चौकाचा नियम ठाऊक असतो. जुने पुस्तक अर्ध्या किमतीत मिळते, वर्ष संपल्यावर परतही विकता येते. पण अभ्यासक्रम बदलला की त्याच पुस्तकाला रद्दीचा भाव. जुन्या गेमचा बाजार अगदी याच नियमाने चालतो.

हा धडा प्रस्तुत लेखकाने स्वतः गिरवला आहे. शेवटच्या वर्षाला असताना आम्ही चार रूममेटनी पैसे काढून फुटबॉलच्या गेमची जुनी डिस्क घेतली. स्वस्त मिळाली म्हणून खूशही झालो. महिना होता ऑगस्ट. फुटबॉलच्या या मालिकेची नवी आवृत्ती दर वर्षी सप्टेंबरच्या सुमारास येते, हे कुणाच्याच डोक्यात आले नाही. महिन्याभरात नवा गेम आला आणि आमची डिस्क घ्यायला कुणी तयार होईना. ती अजून घरी पडून आहे. फिफाचे नाव जाऊन २०२३ पासून ही मालिका ‘ईए स्पोर्ट्स एफसी’ या नावाने येते, पण वेळापत्रक तेच आहे. दर वर्षी नवी आवृत्ती येणाऱ्या गेमची जुनी डिस्क एक तर नवी आवृत्ती आल्यानंतर अगदी स्वस्तात घ्यावी किंवा घेऊच नये.

उलट निन्टेन्डोचे गेम वर्षानुवर्षे किंमत टिकवून असतात. २०१७ मध्ये आलेला ‘मारिओ कार्ट ८ डिलक्स’ आजही फारसा स्वस्त होत नाही. त्यामुळे तो जुना घेतला तर बचत कमी होते, पण नवा घेऊन विकला तर नुकसानही कमी होते.

जुनी डिस्क हातात घेतल्यावर पुढील गोष्टी पाहाव्यात.

• खालची बाजू उजेडात तिरकी धरून पाहा. आजच्या गेमच्या डिस्क ब्ल्यू-रे प्रकारच्या असतात. त्यांत माहितीचा थर पृष्ठभागापासून फक्त ०.१ मिलिमीटर आत असतो. जुन्या डीव्हीडीत तो ०.६ मिलिमीटर आत असे. ब्ल्यू-रेवर कडक संरक्षक थर असल्याने बारीक ओरखडे सहसा चालून जातात. पण नखाला लागणारा खोल चरा असेल तर डिस्क घेऊ नका.
• शक्य असेल तर डिस्क कन्सोलमध्ये घालून गेम पूर्ण इन्स्टॉल होतो का ते पाहा. गेम सुरू होणे पुरेसे नाही. अनेकदा इन्स्टॉल होताना मध्येच अडकतो.
• डब्यातला कोड गृहीत धरू नका. जादा पात्रे, जादा नकाशे देणारा कोड एकदाच वापरता येतो. पहिल्या मालकाने तो वापरलेलाच असतो.
• डिस्क कोणत्या देशासाठीची आहे ते डब्याच्या मागे पाहा. प्लेस्टेशन ५ चा गेम कोणत्याही देशाच्या डिस्कवरून चालतो, पण त्याचा जादा भाग ऑनलाइन विकत घेताना डिस्कचा आणि तुमच्या अकाउंटचा प्रदेश जुळावा लागतो.
• ऑनलाइन खेळायचे असेल तर वर्गणीचा खर्च धरा. प्लेस्टेशनवर बहुतेक विकतचे गेम इंटरनेटवरून इतरांशी खेळण्यासाठी प्लेस्टेशन प्लस लागते. हजार रुपयांच्या जुन्या डिस्कवर हा खर्च वेगळा येतो.

आणखी एक फारसा ठाऊक नसलेला मार्ग. डिस्क ड्राइव्ह असलेल्या प्लेस्टेशन ५ वर प्लेस्टेशन ४ च्या जवळपास सर्व डिस्क चालतात. या पिढीतले उत्तम गेम जुन्या बाजारात सर्वात स्वस्त मिळतात. कन्सोल नुकताच घेतला असेल आणि खिसा रिकामा झाला असेल, तर सुरुवात इथून करावी.

व्यवहारात फसवणूक कशी टाळावी?

अनोळखी माणसाकडून डिस्क घेताना किंवा त्याला विकताना सर्वाधिक फसवणूक पैसे देण्या-घेण्यात होते. ‘हा क्यूआर कोड स्कॅन करा, पैसे तुमच्या खात्यात येतील’ असे कुणी सांगितले तर तिथेच थांबा. यूपीआयचा पिन फक्त पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही. डिस्क शक्यतो समोरासमोर, वर्दळीच्या जागी घ्या आणि पाहून झाल्यावरच पैसे द्या. फसवणूक झालीच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा. दुकानातून जुनी डिस्क घेत असाल तर बिल मागा. बिल हातात असेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवताना बाजू भक्कम राहते.

गेम भाड्याने देणारी दुकाने का दिसत नाहीत?

नव्वदच्या दशकात वाढलेल्यांना हा प्रश्न पडणारच. तेव्हा टीव्हीला जोडायच्या व्हिडीओ गेमची कार्ट्रिज गल्लीतल्या दुकानातून भाड्याने किंवा बदलून मिळत. पार्लरमध्ये नाणे टाकून किंवा तासावर खेळता येई. मग हा धंदा गेला कुठे?

एक कारण कायद्याचे. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम १४ नुसार संगणक प्रोग्रॅमची प्रत व्यावसायिक भाड्याने देणे हा हक्कधारकाच्या अधिकारांपैकी एक आहे. मित्राला डिस्क खेळायला देणे वेगळे आणि परवानगीशिवाय डिस्क भाड्याने देण्याचा धंदा करणे वेगळे. त्यामुळे असा व्यवसाय उघडपणे मोठा होणे कठीण.

प्रत्येक देशाने हा प्रश्न वेगवेगळ्या प्रकारे सोडवला आहे. अमेरिकेने १९९० मध्ये सॉफ्टवेअर भाड्याने देण्यावर बंधन घातले, पण कन्सोलच्या गेमना त्यातून वगळले. म्हणून तिथे व्हिडीओ लायब्ररीत गेम भाड्याने मिळत राहिले. २००२ पासून गेमफ्लायसारख्या कंपनीने तर ते टपालाने घरपोच दिले. जपानमध्ये भाड्याचा धंदा रुजलाच नाही, पण वापरलेले गेम विकण्याला मोकळीक आहे, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २५ एप्रिल २००२ रोजी दिला. त्यामुळे तिथे जुन्या गेमचा बाजार फोफावला.

गेम कंपन्यांना जुन्या बाजाराचे वावडे असण्याचे कारण उघड आहे. डिस्क दुसऱ्यांदा विकली जाते तेव्हा कंपनीला एक रुपयाही मिळत नाही. २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वनची घोषणा करताना जुन्या डिस्कवर बंधने आणि कन्सोलला दर २४ तासांनी इंटरनेटशी जोडण्याची अट घातली होती. खेळणारे भडकले. सोनीने लगेच एक छोटा व्हिडीओ काढला. प्लेस्टेशन ४ वर गेम मित्राला कसा द्यायचा, तर डबा त्याच्या हातात द्यायचा, बस्स! १९ जून २०१३ रोजी मायक्रोसॉफ्टला दोन्ही अटी मागे घ्याव्या लागल्या. त्या वेळी ग्राहक जिंकले. पण पुढच्या दहा वर्षांत डिस्क ड्राइव्ह नसलेले कन्सोल आले आणि तीच बंधने कुणी भांडण न करता घरात आली.

सध्या आपल्याकडे आणखी एक ‘भाडे’ चालते. समाजमाध्यमांवर प्लेस्टेशनचे अकाउंटच वाटून विकले जाते. चारशे-पाचशे रुपयांत नवा गेम असलेल्या अकाउंटचा पासवर्ड मिळतो. हे स्वस्त दिसले तरी कंपनीच्या अटींच्या विरोधात आहे. मूळ मालकाने पासवर्ड बदलला किंवा कंपनीने अकाउंट बंद केले तर तुमच्याकडे दाद मागायला काहीच नसते. हा पर्याय हिशेबातच धरू नये.

सबस्क्रिप्शन परवडते का?

दिवाळी अंकांची लायब्ररी आठवा. एक वर्गणी भरायची आणि महिना-दोन महिने वाटेल तितके अंक वाचायचे. रोज एक अंक संपवणाऱ्याला ती फुकटात पडल्यासारखी वाटते. महिन्याला एकच अंक वाचणाऱ्याने तो विकत घेतलेला बरा. गेमच्या वर्गणीचे गणित हेच आहे.

जून २०२२ मध्ये प्लेस्टेशन प्लसची नवी रचना भारतात आली, तेव्हा मोठा संग्रह असलेल्या ‘एक्स्ट्रा’ योजनेचा मासिक दर ७४९ रुपये होता. एक्सबॉक्स गेम पासच्या सर्वात वरच्या ‘अल्टिमेट’ योजनेचा भारतातील मासिक दर ऑक्टोबर २०२५ मध्ये ८२९ वरून १,३८९ रुपयांवर गेला. म्हणजे वर्षाला १६,६६८ रुपये. एवढ्या पैशांत पूर्ण किमतीच्या तीन नव्या डिस्क येतात आणि त्या परत विकताही येतात. वर्षात पाच-सहा नवे गेम खेळणाऱ्याला ही वर्गणी परवडते. वर्षभर एकच क्रिकेटचा किंवा फुटबॉलचा गेम खेळणाऱ्याला ती तोट्याची आहे.

दुसरी मेख अशी, की संग्रह बदलत राहतो. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ५’ गेम पासवर एप्रिल २०२१ मध्ये आला आणि ऑगस्टमध्ये गेला. जुलै २०२३ मध्ये परत आला आणि जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा गेला. ‘होरायझन झिरो डॉन’ हा तर सोनीच्याच मालकीचा गेम, तरी मे २०२४ मध्ये तो प्लेस्टेशन प्लसच्या संग्रहातून बाहेर पडला. अर्धा खेळलेला गेम असा निघून गेला तर तो पूर्ण करण्यासाठी विकतच घ्यावा लागतो.

तिसरी गोष्ट इंटरनेटची. आजचा मोठा गेम १०० जीबीच्या घरात असतो. ५० एमबीपीएसच्या घरगुती जोडणीवर तो उतरायला साधारण साडेचार तास लागतात. पण मोबाइलच्या दिवसाला दोन जीबीच्या पॅकवर तोच गेम उतरायला ५० दिवस जातील. गावाकडे फायबर पोहोचलेले नसेल तर वर्गणी आणि डिजिटल खरेदी हे दोन्ही पर्याय जवळपास बाद होतात. तिथे डिस्क हाच मार्ग, तोही अपडेटचा डेटा वेगळा लागेल हे गृहीत धरून.

डिजिटल गेम ‘विकत’ घेतला म्हणजे मालक झालो का?

नाही. तुम्हाला गेम खेळण्याचा परवाना मिळतो. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार डिजिटल स्टोअरना हे ग्राहकाला स्पष्ट सांगावे लागते. त्याआधीच, ऑक्टोबर २०२४ मध्ये, पीसीवरील सर्वात मोठे स्टोअर असलेल्या स्टीमने पैसे भरण्याच्या पानावर ‘तुम्ही परवाना घेत आहात’ अशी सूचना दाखवायला सुरुवात केली.

ही केवळ शब्दांची कसरत नाही. युबिसॉफ्टने ‘द क्रू’ या गाड्यांच्या शर्यतीच्या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ रोजी बंद केले. हा गेम इंटरनेटशिवाय चालत नसल्याने पैसे देऊन घेतलेला गेम कायमचा बंद पडला. विशेष म्हणजे ज्यांच्याकडे डिस्क होती त्यांचाही! म्हणजे डिस्क असली तरी सदैव ऑनलाइन लागणाऱ्या गेमला ती वाचवू शकत नाही. जुनी डिस्क घेण्यापूर्वी त्या गेमचे सर्व्हर सुरू आहेत का, हेही पाहायला हवे.

असे असले तरी डिजिटल खरेदी नेहमीच वाईट नसते. स्टीमवर नोव्हेंबर २०१५ पासून किमती रुपयांत दिसतात आणि उन्हाळी व हिवाळी सेलमध्ये जुने गेम खूप स्वस्त होतात. गेम दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल आणि घेऊन १४ दिवस झाले नसतील तर पैसे परत मिळतात. प्लेस्टेशनवरही १४ दिवसांची मुदत आहे, पण डाउनलोड सुरू केला की परतावा साधारणपणे मिळत नाही. एपिक गेम्स स्टोअर २०१८ च्या अखेरीपासून नियमितपणे गेम मोफत देते. मे २०२० मध्ये तिथे ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ५’ सुद्धा फुकट मिळाला होता.

खरा हिशेब कसा मांडावा?

सूत्र सोपे आहे. दिलेल्या पैशांतून परत मिळालेले पैसे वजा करा आणि उरलेल्या रकमेला खेळलेल्या तासांनी भागा. उदाहरणादाखल ४० तासांचा एक गेम घेऊ. जुन्या डिस्कच्या किमती इथे समजण्यासाठी धरल्या आहेत; तुमच्या शहरातल्या दरांनुसार आकडे बदला.

• नवी डिस्क ४,९९९ रुपयांना घेतली, महिन्यात ३,००० ला विकली : खर्च १,९९९ रुपये, तासाला ५० रुपये.
• नवी डिस्क घेतली, विकलीच नाही : तासाला १२५ रुपये.
• जुनी डिस्क २,५०० ला घेतली, २,००० ला विकली : खर्च ५०० रुपये, तासाला साडेबारा रुपये.
• डिजिटल, पूर्ण किमतीत : तासाला १२५ रुपये, परत काहीच नाही.
• डिजिटल, सेलमध्ये १,५०० रुपयांना : तासाला साडेसदतीस रुपये.
• ७४९ रुपयांची वर्गणी, एका महिन्यात संपवला : तासाला सुमारे १९ रुपये.
• तीच वर्गणी, पण आठवड्याला जेमतेम सव्वा तास खेळून आठ महिन्यांत संपवला : खर्च ५,९९२ रुपये, तासाला १५० रुपये.

शेवटच्या दोन ओळी पुन्हा वाचा. योजना तीच, गेम तोच. एकाला ती सर्वात स्वस्तांपैकी आहे आणि दुसऱ्याला यादीत सर्वात महाग. कारण वर्गणीचे मीटर महिन्यांवर चालते, तासांवर नाही. तुम्ही रात्रपाळी करून झोपलात, परीक्षा आली, घरात लग्नकार्य निघाले, तरी ते थांबत नाही. वर्गणी आपोआप पुढे चालू राहण्याची सोय बंद करायला विसरणारे तर न खेळताही पैसे भरत राहतात. जुन्या डिस्कचे मीटर मात्र कपाटात ठेवल्यावर सावकाश चालते.

मग कुणी काय करावे?

कॉलेजचे विद्यार्थी : डिस्क ड्राइव्हवाला कन्सोल आणि जुनी डिस्क. तीन-चार मित्रांनी मिळून वेगवेगळे गेम घेतले आणि आपसात फिरवले तर एका डिस्कच्या पैशांत चार गेम होतात.

नोकरदार, आठवड्याला दोन-तीन तास मिळणारे : वर्गणी टाळा. सेलमध्ये किंवा जुना असा एकच गेम घ्या आणि तो संपल्याशिवाय दुसरा घेऊ नका.

सुट्टीत भरपूर वेळ मिळणारे : मे महिन्याच्या किंवा दिवाळीच्या सुट्टीत एका महिन्याची वर्गणी घ्या, दोन-तीन गेम संपवा आणि वर्गणी बंद करा. बारा महिने भरायची गरज नाही.

मुलांसाठी घेणारे पालक : सुरुवातीला काहीच विकत घेऊ नका. प्लेस्टेशन ५ सोबत ‘अ‍ॅस्ट्रोज प्लेरूम’ हा गेम मोफत येतो. मूल त्यात किती दिवस रमते ते पाहा. जुनी डिस्क घेताना डब्यावरचा वयाचा आकडा नक्की वाचा, कारण जुन्या बाजारात तो कुणी विचारत नाही.

आवडत्या मालिकेचे चाहते : पहिल्या दिवशी नवी डिस्क खुशाल घ्या. तो खर्च आनंदाचा आहे आणि आनंदालाही हिशेबात जागा असते. फक्त गेम संपला की पंधरा दिवसांत ठरवा, ठेवायचा की विकायचा. न ठरवता कपाटात गेलेली डिस्कच सर्वात महाग पडते.

कन्सोल अजून घेतलाच नसेल तर : गेमिंग कॅफेत चार-पाच वेळा तासावर खेळून पाहा. पाचशे-सातशे रुपये जातील, पण ५० हजारांचा निर्णय त्यावरून घेता येईल.

जाता जाता एक साधी चाचणी. नवा गेम घेण्यापूर्वी आपल्याकडे अर्धवट राहिलेले गेम मोजा. ते तीनपेक्षा जास्त असतील तर या महिन्यात तुमच्यासाठी सर्वात स्वस्त गेम कोणता, याचे उत्तर दुकानात नाही. तो तुमच्या कपाटात आहे आणि त्याचे पैसे तुम्ही आधीच दिलेले आहेत.